धारचे लोखंड आणि परदेशी सिलिकॉन

धारच्या लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडून राहिलेल्या लोहस्तंभावरून ज्याने एकदा तरी हात फिरवला असेल, त्याला शतकानुशतकांचे ऊनपाऊस सोसूनही न गंजणाऱ्या माळव्यातील त्या जुन्या कारागिरीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेत, प्रोटॉनांच्या टकरीतून उधळलेल्या कणांचा माग काढण्यासाठी बसविलेल्या सिलिकॉन-पट्ट्यांचे प्राक्तन मात्र अगदी उलट: ज्या कणांची नोंद घ्यायची, तेच जाता जाता स्फटिकातील अणू जागचे हलवितात, त्यामुळे गळतीचा विद्युत्प्रवाह वाढतो, त्या प्रवाहाने पट्टी तापते, तापल्याने गळती आणखी वाढते, आणि कितीही थंडगार राखली तरी काही वर्षांनी ती बदलणे प्राप्त होते. 2030 साली तेथील टकरींचा मारा अनेक पटींनी वाढविण्याचे योजिले असल्याने सीएमएस प्रयोगाचा सुमारे 200 चौरस मीटर सिलिकॉनचा मागोवा-शोधक समूळ बदलला जात आहे.

या खटाटोपात आपण उपरे नाही. धार आणि देवास यांच्या दरम्यान वसलेल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने सर्नच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यातील अवजड चुंबक केसभर इकडेतिकडे सरकविता यावेत म्हणून आखलेले हजारो जॅक तेथे बसले. शिवाय भाभा अणुसंशोधन केंद्र व बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी 63 मिलिमीटर चौरसाचे, 32 पट्ट्यांचे सुमारे 1000 सिलिकॉन-संवेदक देशातच घडवून सीएमएसच्या प्रीशॉवर शोधकास पुरविले. त्या जागी येणाऱ्या नव्या ऊर्जामापकासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था जोडणीचे नाजूक काम करते खरे, परंतु ती ज्या सिलिकॉनच्या तबकड्या जोडते त्या जपानहून येतात!

घडविण्याकडून नुसत्या जोडणीकडे झालेला हा उलटा प्रवास मला खटकतो. जोडणीचे काम हलके असे मी मुळीच म्हणत नाही. पण चलनी नोटेची शाईसुद्धा स्वतःच्या कारखान्यात तयार करणाऱ्या देवासच्या मुद्रणालयाशेजारी राहणाऱ्या माणसाला, पूर्वी साधलेली विद्या हातची का जाऊ दिली, हा प्रश्न पडणारच. 2021 साली सेमीकंडक्टरसाठी 76 हजार कोटींची योजना मंजूर झाली. तीत अशा संवेदकांकरिता स्वतंत्र तरतूद करावी, आणि माल थोडा, गिऱ्हाईक एकच, नफा नाही, असा शेरा मारून फाइल परतविणाऱ्या अंमलदाराला 1000 संवेदकांचे ते जुने दप्तर आधी वाचावयास द्यावे.