वृद्धांच्या औषधांची नोंद : कारकुनी काम नव्हे, हक्काचा प्रश्न

जबलपूर हे शस्त्रास्त्र कारखान्यांचे शहर आहे. १९०४ साली ब्रिटिश राजवटीत येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरीची भर पडली. त्या काळात विशी-बाविशीत भरती झालेली पिढी आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. तिच्यात विदर्भातून आलेले मराठी कामगारही आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे ही ये-जा जुनी आहे. त्यांची मुले पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली. म्हातारा-म्हातारी मागे राहिली आणि त्यांच्यासोबत राहिली औषधांनी भरलेली एक पिशवी.

या पिशवीत काय आहे, हा वरवर घरगुती वाटणारा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो सार्वजनिक आरोग्याचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे. दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. तो केव्हा भरला आणि केव्हा तपासला याची नोंद असते. मात्र ज्याने तीस-पस्तीस वर्षे हे काम केले, तो माणूस आज रोज कोणती औषधे, किती प्रमाणात आणि कशासाठी घेतो, याची एकत्र व बिनचूक नोंद बहुधा कोठेही नसते. जी राज्ययंत्रणा लोखंडाचा हिशेब ठेवू शकते, तिला माणसाचा हिशेब ठेवता येत नाही असे नव्हे. तो ठेवणे तिने आपले कर्तव्य मानलेले नाही.

तीन औषधे, एक रोगी

औषधांची नोंद म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, दवाखान्याच्या खिडकीवर अथवा दुकानात हाती पडलेले औषध आणि प्रत्यक्ष पोटात गेलेले औषध, ही पुष्कळदा तीन निरनिराळी औषधे असतात. लिहून दिलेले औषध खिडकीवर शिल्लक नसते. दुकानदार दुसऱ्या मार्क्याचे देतो. महिन्याच्या अखेरीस पैसे सरले की म्हातारा दोन गोळ्यांची एक करतो, अथवा आपली बंद करून बायकोची चालू ठेवतो. पट्टी कात्रीने अशी कापलेली असते की औषधाचे नाव एका तुकड्यावर जाते आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. जी नोंद या तिन्ही पायऱ्यांपर्यंत पोचत नाही, ती नोंद नव्हे. ती केवळ डॉक्टरांच्या इच्छेचे टिपण आहे.

एखादा निवृत्त फिटर उदाहरणादाखल घ्यावा. रक्तदाबासाठी सरकारी दवाखान्यातून त्याला अॅम्लोडिपिन मिळते. छातीत दुखले म्हणून तो खाजगी डॉक्टरकडे जातो; तेथे त्याला टेल्मिसार्टन व अॅम्लोडिपिन यांची जोडगोळी लिहून दिली जाते. दोन्हींची मार्का-नावे अगदी वेगळी आहेत. तो दोन्ही इमानेइतबारे घेतो, म्हणजेच एक औषध दुप्पट घेतो. पाय सुजतात. तिसरा डॉक्टर सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी देतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक येते. टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध, लघवी वाढवणारे औषध आणि वेदनाशामक ही तीन एकत्र आली की वृद्धाची मूत्रपिंडे अचानक निकामी होण्याचा धोका असतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. येथे एकाही डॉक्टराने आपल्यापुरती ढोबळ चूक केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने उपचार केले. फक्त संपूर्ण चित्र कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हते.

उतारवयात हा धोका अनेक पटींनी वाढतो. मूत्रपिंडे व यकृत मंदावल्याने औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड वृद्धाची साखर इतकी खाली आणू शकते की तो पहाटे बेशुद्ध सापडतो आणि घरच्यांना तो अर्धांगाचा झटका वाटतो. अमेरिकेतील वैद्य मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांच्या बाबतीत टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांपासून होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा औषधांच्या चुकांची जगाला मोजावी लागणारी किंमत वर्षाला ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. त्या मोहिमेत तीन जागा विशेष धोक्याच्या म्हणून सांगितल्या आहेत : अतिजोखमीच्या परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधे, आणि रोगी एका ठिकाणच्या उपचारातून दुसऱ्या ठिकाणी जातो तो टप्पा. जबलपूरच्या निवृत्त कामगाराच्या आयुष्यात या तिन्ही एकत्र नांदतात.

नोंद का नाही?

याचे खापर दवाखान्यातील परिचारिकेवर किंवा औषधनिर्मात्यावर फोडणे सोपे आहे. ते अन्यायाचेही आहे. पाच मिनिटांत रोगी हातावेगळा करावा लागणाऱ्या डॉक्टरकडून पिशवी उलटी करून एकेक पट्टी तपासण्याची अपेक्षा कशी करावी? कारणे व्यवस्थेत शोधली पाहिजेत.

पहिले कारण कायद्यातच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. पण ते दाखल झालेल्या रोग्यांपुरते. जो रोगी कधी दाखल होत नाही, परंतु वीस वर्षे दरमहा औषध घेतो, तो या नियमाच्या दृष्टीला दिसतच नाही. वृद्धांच्या आजारांपैकी बहुतेक मात्र याच दुसऱ्या प्रकारचे आहेत.

दुसरे कारण औषधांच्या बाजारात आहे. १९७५ साली हाथी समितीने मार्क्यांची नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. ती शिफारस कंपन्यांनी पन्नास वर्षे हाणून पाडली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावाने औषध लिहिण्याचे बंधन घालणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. मूळ नावाच्या औषधांच्या दर्जाविषयी डॉक्टर शंका काढतात. ती शंका सर्वस्वी निराधार नाही. पण तिचे उत्तर सरकारी तपासणी प्रयोगशाळा वाढवण्यात आहे, नावांचा गोंधळ चिरंतन ठेवण्यात नाही. एकाच रसायनाला शेकडो नावे असतील, तर कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली नोंद रोग्याला फसवतच राहणार.

तिसरे कारण, उपचाराचे तुकडे. निवृत्त केंद्रीय कामगाराकडे केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर त्याचा दवाखाना वेगळा. त्या योजनेच्या क्षेत्राबाहेर राहून भत्ता पत्करला असेल तर २०१७ मध्ये ठरलेल्या दरमहा १००० रुपयांत त्याने बाजारातून भागवायचे. विडी कामगार स्त्रीची स्थिती याहून कठीण आहे. जबलपूर हे विड्यांचेही जुने केंद्र. १९७६ च्या कायद्यांनी विडी कामगारांसाठी कल्याण निधी आणि त्यातून दवाखाने उभे राहिले. पण ज्या उपकरावर तो निधी पोसला जात होता, तो २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर रद्द झाला. घरी बसून आयुष्यभर विड्या वळणाऱ्या स्त्रीला निवृत्तीची तारीखच नसते; मग तिच्या आजाराची वही कोण उघडणार?

विमा आणि क्रमांक

शासनकर्त्यांकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार आहेत. पहिले उत्तर म्हणजे विमा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले. दाखल होणाऱ्या वृद्धाला त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही योजना इस्पितळात दाखल होण्याची आहे. रोजच्या गोळीची नाही. चुकीच्या औषधाने मूत्रपिंडे बिघडली की पैसे मिळणार, ती बिघडू नयेत म्हणून मात्र नाहीत. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला आणि सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते.

दुसरे उत्तर म्हणजे डिजिटल क्रमांक. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या मोहिमेत प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक दिला जातो. यंत्राला विरोध हे पुरोगामी धोरण कधीच नव्हते. नोंदी एका जागी येणे हिताचेच आहे. पण यंत्रात तेच उमटते, जे कोणीतरी विचारून भरलेले असते. म्हाताऱ्याने कोणती गोळी सोडली, वैदूची कोणती पूड चालू केली, हे संगणक विचारत नाही. त्यासाठी समोर बसून धीराने विचारणारा माणूस लागतो, आणि नेमकी त्याच माणसाची पदे रिकामी वा कंत्राटी ठेवली जातात. वस्तीतील वृद्धांना नावानिशी ओळखणाऱ्या आशा कार्यकर्तीला अद्याप कामगार मानले जात नाही. तिला तशी मान्यता व किमान वेतन द्यावे, ही शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केलेली आहे. नोंद अचूक हवी आणि नोंद करणारी मात्र फुकट हवी, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

शक्य आहे, हे दिसले आहे

केरळमध्ये ‘वयोमित्रम्’ योजनेतून शहरी भागांत ६५ वर्षांवरील वृद्धांना फिरत्या दवाखान्यांतून मोफत औषधे मिळतात. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्यास सुरुवात केली. या योजना निर्दोष नाहीत. तेथील कार्यकर्त्यांच्या वेतनाचाही प्रश्न आहेच. तथापि, तोच माणूस तेच घर पुन्हा पुन्हा गाठू लागला की कोणती गोळी उरली आणि कोणती संपली हे त्याला दिसू शकते. नियमित मोफत पुरवठा हाच अचूक नोंदीचा पाया आहे. ज्याला औषध मिळण्याचीच खात्री नाही, त्याच्या औषधाची नोंद खरी राहू शकत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. बाहेरून उपचार घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाला दवाखान्याने औषधांचा एक तक्ता द्यावा, असे बंधन नियमांत घालावे. त्यात औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी, कोणी व केव्हा सुरू केले, केव्हा व का थांबवले, आणि कोणते औषध सोसत नाही, एवढे असावे. तो रोग्याला वाचता येईल अशा भाषेत व अक्षरात असावा. दर तीन महिन्यांनी सर्व औषधे समोर ठेवून तो तपासला जावा व इस्पितळातून घरी जाताना नव्याने लिहिला जावा. या कामासाठी औषधनिर्मात्यांची व परिचारिकांची कायम पदे भरावीत.

मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जेथे निवृत्त कामगारांच्या संघटना आहेत, विडी कामगार संघटना आहेत, महिला व युवक आघाड्या आहेत, तेथे हा तक्ता आजच सुरू करता येतो. एका वहीच्या पानाहून अधिक त्याला काही लागत नाही. दोन पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजेत. कार्यकर्त्याने कोणतेही औषध स्वतः बंद करावयास वा बदलावयास सांगू नये. आढळलेली विसंगती लिहून ती रोग्यासह डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि तो कागद रोग्याच्याच हाती राहावा. क्षय, मानसिक आजार यांसारखी माहिती वस्तीत चर्चेचा विषय होता कामा नये.

कोणी म्हणेल, कारखान्यांचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपन्यांत रूपांतर झाले, त्याच वर्षी संरक्षण कामगारांच्या संपाच्या हक्कावर कायद्याने घाला घातला गेला, अशा वेळी गोळ्यांच्या याद्या कसल्या करता? याचे उत्तर सरळ आहे. लढ्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर संघटनेला परका झाला, तर उद्याचा तरुण कामगार संघटनेवर विश्वास कशाच्या बळावर ठेवील? अशी शे-दोनशे पाने हाती आली की दवाखान्यात कोणते औषध किती महिने मिळाले नाही आणि किती जणांना एकच औषध दोनदा दिले गेले, याचा पुरावाही तयार होतो. नावे वगळून तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडता येतो, विधानसभेत मांडता येतो. हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्या अचूकतेसाठी कामगारवर्गाने लढे दिले, कारण त्याच कागदांवर त्याचा हक्क शाबीत होत असे. औषधांचा तक्ता हा त्याच मालिकेतील पुढचा कागद आहे.