पाच नंबरवर नजर ठेव

खरं सांगू का? आईस हॉकीशी माझं नातं हौसेनं नाही, थंडीनं जुळलं.

२००८ चा जानेवारी. पुण्यातून उचलून मला थेट डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय नावाच्या उपनगरात नेऊन ठेवलेलं. ऑनसाइट! घरी पेढे वाटून झालेले. काम काय, तर गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट. म्हणजे काही बंद पडलं की सगळे माझ्या नावानं शंख करणार आणि सगळं सुरळीत चाललं की मी ऑफिसात आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. बाहेर मायनस पंधरा. वीकएंडला करायचं काय? लाँड्री. दुसरं काय?

माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये क्लायंटचा एक माणूस बसायचा. साठीला टेकलेला, त्याच कंपनीत एकतीस वर्षं काढलेला. तिकडे सगळे एकमेकांना नावानंच हाका मारतात, पण माझी जीभ काही वळेना. मनातल्या मनात मी त्याला ‘काका’ म्हणायचो. तर या काकांनी एका शुक्रवारी जो लुईस अरिनाचं जास्तीचं तिकीट माझ्या टेबलावर ठेवलं. डेट्रॉइट रेड विंग्जची मॅच.

पहिली दहा मिनिटं मला पक दिसलाच नाही. पक म्हणजे रबराची काळी चकती, आपल्या बटाटेवड्यापेक्षा थोडी मोठी. ती इतक्या वेगात फिरते की ती कुठाय हे लोकांच्या ओरडण्यावरूनच कळायचं. बाकी नुसती धक्काबुक्की. काचेवर माणसं आदळतायत, लोक उभे राहून आरोळ्या ठोकतायत. काकांनी माझा चेहरा बघितला असणार. म्हणाले, “पक बघू नकोस. पाच मिनिटं फक्त पाच नंबरवर नजर ठेव.”

ठेवली. आणि गंमत म्हणजे, पाच नंबर काहीच करत नव्हता!

समोरचा खेळाडू सुसाट येतोय, हा त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केटिंग करत मागे चाललाय. दोघांमधलं अंतर तेवढंच. ना जवळ, ना लांब. हळूहळू समोरच्याच्या लक्षात येतं की आपण कडेच्या फळीकडे सरकलोय, मधली वाट बंद झालीये. मग पाच नंबरची स्टिक पुढे येते, टिक्, पक त्याच्याकडे. लगेच आपल्या माणसाला सरळ, सोपा पास. झालं. पाऊण मिनिटात बदली खेळाडू आत, हा बाकावर. टाळ्या नाहीत, कारण टाळ्या वाजवण्यासारखं काही घडलंच नाही. गोल होऊ शकला असता, तो झाला नाही, एवढंच.

पाच नंबर म्हणजे निकलास लिडस्ट्रॉम. टीमचा कॅप्टन, डिफेन्समन.

दुसऱ्या दिवशी लाँड्री राहिली बाजूला, मी इंटरनेटवर याचीच कुंडली काढत बसलो. जन्म २८ एप्रिल १९७०, स्वीडनमधलं आवेस्ता. व्हेस्टेरोसच्या क्लबकडून खेळायचा. १९८९ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बड्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पोरं निवडण्याच्या कार्यक्रमात, त्याचा नंबर लागला ५३ वा. त्याच्याआधी ५२ पोरं! त्यातल्या किती जणांची नावं आज तुम्ही-आम्ही ऐकलीयत? १९९१ मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि पहिल्याच सीझनमध्ये साठ पॉइंट काढले: ११ गोल आणि ४९ असिस्ट, म्हणजे गोलला हातभार.

त्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटनं आणखी एक डिफेन्समन घेतला होता, तब्बल २२१ वा. रशियाचा व्लादिमीर कॉन्स्टन्टिनोव्ह. दोघंही १९९१ लाच डेट्रॉइटमध्ये दाखल झाले, पण स्वभाव उत्तर-दक्षिण. कॉन्स्टन्टिनोव्ह असा धक्का द्यायचा की समोरच्याला आपलं गाव आठवावं. १९९७ च्या जूनमध्ये टीमनं स्टॅनले कप जिंकला, ४२ वर्षांनी. सहा दिवसांनी, १३ जूनला, खेळाडूंना घेऊन जाणारी लिमोझिन झाडावर आदळली आणि कॉन्स्टन्टिनोव्हचं करिअर तिथेच संपलं. पुढच्या वर्षी टीम पुन्हा जिंकली, तेव्हा त्याला व्हीलचेअरवरून बर्फावर आणून कप त्याच्या मांडीवर ठेवला. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. करिअर म्हणजे नुसती मेहनत, असं त्यानंतर मी कधी कुणाला सांगितलं नाही. नशीब नावाचं खातं असतंच.

असो. त्या वर्षी ४ जूनला रेड विंग्जनी पिट्सबर्गमध्ये पुन्हा कप जिंकला. युरोपात वाढून, तिथेच तयार होऊन आलेल्या कॅप्टननं कप उचलण्याची ही पहिलीच वेळ. याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७३ मध्ये बोर्ये साल्मिंग हा स्वीडिश डिफेन्समन टोरांटोकडून खेळायला गेला, तेव्हा स्वीडनची पोरं भित्री, मार खाऊ शकत नाहीत, असं उघड बोललं जायचं. साल्मिंगनं मार खाऊन, रक्त सांडून ते खोटं पाडलं. लिडस्ट्रॉमनं पुढची पायरी गाठली: मारामारी न करताही हा खेळ जिंकता येतो हे दाखवलं. १५६४ मॅचमध्ये त्याला एकूण पेनल्टी किती, तर ५१४ मिनिटं. हिशेब करा, मॅचमागे वीस सेकंद. तेही डिफेन्समनला, ज्याचं कामच समोरच्याला अडवण्याचं!

आता माझं ऐका. त्याच सुमारास माझं अप्रेझल झालं. फोनवर. सगळं छान छान बोलून झाल्यावर पलीकडून वाक्य आलं, “काम उत्तम आहे, पण व्हिजिबिलिटी कमी पडते.” पगारवाढ मिळाली एका मित्राला, ज्याची सिस्टिम महिन्यातून दोनदा कोसळायची आणि तो रात्रभर जागून ती उभी करायचा. आग लावू देणाऱ्याला अग्निशमनाचं बक्षीस! डोकं सटकलं होतं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, “१९९८, ९९, २०००.”

म्हणजे काय? तर लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनला दरवर्षी नॉरिस ट्रॉफी मिळते. मतदान हॉकीचे पत्रकार करतात. लागोपाठ तीन वर्षं लिडस्ट्रॉम दुसरा आला. ज्यांचे शॉट जोरात, धक्के जोरात, ते पहिले. त्यानं काय करावं? त्यानं काहीच बदललं नाही. २००१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, पहिली नॉरिस मिळाली. मग २००२, २००३, २००६, २००७, २००८. २००२ च्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफीही त्यालाच. हीसुद्धा युरोपात तयार झालेल्या खेळाडूला पहिल्यांदाच. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकची फायनल, फिनलंडशी २-२ बरोबरी, तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद झालेले, आणि स्वीडनला गोल्ड मिळवून देणारा गोल कुणाचा? पाच नंबरचाच.

एखाद्या मोटिव्हेशनल स्पीकरनं इथेच भाषण संपवलं असतं. ‘संयम ठेवा, मोबदला मिळतोच.’ टाळ्या, चहा-समोसे.

पण मग २००९ उजाडलं.

१ जूनला जनरल मोटर्सनं दिवाळखोरी जाहीर केली. क्रायस्लरनं महिनाभर आधीच केली होती. आमच्या क्लायंटची गिऱ्हाइकंच आडवी झाल्यावर क्लायंटचं काय होणार? माझा प्रोजेक्ट गुंडाळला. मला निदान परतीचं तिकीट होतं. काकांना एक पाकीट मिळालं आणि एकतीस, आता बत्तीस, वर्षांचं सामान भरायला एक पुठ्ठ्याचा खोका.

१२ जून, शुक्रवार. फायनलची सातवी मॅच, घरच्याच मैदानावर. तिकीट परवडण्याचा प्रश्नच नव्हता, काकांच्या घरी टीव्हीसमोर बसलो. पिट्सबर्ग २, डेट्रॉइट १. शेवटचे काही सेकंद. एक शॉट गोलकीपरला लागून उसळतो आणि पक येतो थेट पाच नंबरकडे. समोर जवळजवळ मोकळा गोल. तो मारतो. मार्क-आंद्रे फ्लरी आडवा झेपावतो, पक त्याच्या अंगावर. हूटर. संपलं.

त्याआधीच्या सिरीजमध्ये लिडस्ट्रॉमला दुखापत होऊन ऑपरेशन झालं होतं, दोन मॅच बाहेर बसावं लागलं होतं. तशा अवस्थेत तो योग्य वेळी योग्य जागी उभा होता. जे करायचं ते त्यानं केलं. आणि तरीही हरला.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जागा बरोबर होती त्याची.” बस्स, एवढंच.

पुण्याला येतानाच्या विमानात मला कळलं की दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधतो. चांगलं काम आणि त्याचं बक्षीस. लिडस्ट्रॉम वीस सीझन एकाच क्लबमध्ये राहिला. त्या क्लबनं त्याला पैसा दिला, मान दिला, चार कप दिले. काकांनी बत्तीस वर्षं तशीच काढली. त्यांना खोका मिळाला. निष्ठा दोघांची सारखीच. म्हणून ‘एकाच ठिकाणी टिकून राहा’ हा सल्ला मी कुणाला देत नाही. ‘दर दोन वर्षांनी उडी मारा’ हाही नाही. जागा बरोबर घेणं आपल्या हातात, पुढचं नाही.

आणि हो, निघायचं कधी हेही आपल्याच हातात. लिडस्ट्रॉमनं २०११ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, सातवी नॉरिस घेतली. ३१ मे २०१२ ला तो थांबला. शरीर पूर्ण थकलं नव्हतं. पण या पातळीवर खेळायला जी ओढ लागते ती आता तेवढी राहिली नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. मग बायको-मुलांसह स्वीडनला परत. २०१४ मध्ये क्लबनं पाच नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली, २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. जो लुईस अरिना तर आता पाडूनही टाकलंय.

काकांना पुढे एका हार्डवेअरच्या दुकानात नोकरी मिळाली. दर ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला की त्यांची एक ओळीची मेल येते.

आता अप्रेझलचे फॉर्म माझ्याकडे येतात. अकरा जणांची टीम आहे. त्यातली एक मुलगी मीटिंगमध्ये फारसं बोलत नाही, रात्री दोनला हीरो होत नाही. परवा तिचा फॉर्म भरायला बसलो आणि सवयीनं लिहिणार होतो, व्हिजिबिलिटी कमी. हात थांबला. वर्षभराचा रेकॉर्ड काढला. तिच्या मॉड्यूलमुळे रात्रीचा एकही फोन आलेला नाही. एकही.

‘या वर्षात काय काय घडलं नाही’ असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाहीच. मी रिमार्कच्या जागेत लिहून टाकलं, चांगलं अर्धं पान. वर भांडायची तयारीही ठेवलीये. बघू, एचआर काय म्हणतंय.

तुमच्याही ऑफिसात एखादा पाच नंबर असेल. सोमवारी गेलात की जरा पाच मिनिटं पक सोडून त्याच्याकडे बघा.