मधल्या वर्गात येणाऱ्या मुलाची शाळा

महापालिकेच्या शाळांवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा पालकांच्या हाती द्या, ते हवी ती खासगी शाळा निवडतील, हा युक्तिवाद मुंबईत आता वरचेवर ऐकू येतो. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरिबांसाठी 25 टक्के जागा ठेवल्याच आहेत, मग धारावी-गोवंडीत पालिकेने शाळा चालवायच्या कशाला, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. हे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण या वस्त्यांमध्ये मुलं शाळेत कधी आणि कशी येतात, याचा विचारच त्यात नाही.

त्या 25 टक्के जागा पूर्वप्राथमिकला किंवा पहिलीला भरतात. सहावीत आलेल्या मुलासाठी त्या नाहीत. आणि या वस्त्यांत मुलं सहावीतही येतात. मराठवाड्यात पीक बुडालं म्हणून एखादं कुटुंब गोवंडीच्या शिवाजीनगरात येतं, जरीकामासाठी उत्तर प्रदेशातून कुणी धारावीत येतं, रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या प्रकल्पात झोपडी गेली की मुंबईतलंच कुटुंब मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये हलवलं जातं. मूल अकरा वर्षांचं, महिना नोव्हेंबर, हातात दाखला नाही. खासगी शाळेचं वर्ष तोवर निम्मं सरलेलं असतं, फीचा आकडा बापाच्या मजुरीत बसत नाही, आणि महिनाभर फी थकली की मूल घरी बसतं. पालिकेच्या शाळेत मात्र ते त्याच आठवड्यात वर्गात बसू शकतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 अशा मुलाला वयानुरूप वर्ग आणि मागे पडलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देतं. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला उशिरा येतोय, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पैसे पालकांच्या हाती दिले म्हणून हे दार दुसरीकडे उघडणार नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. एवढ्या भाषांची मुलं एका वस्तीत, त्यांना शिकवायचं तरी कसं? मुंबई महापालिकेने या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या आठ माध्यमांच्या शाळा ती चालवते, अनेकदा एकाच इमारतीत, सकाळ-दुपारच्या सत्रांत. तमीळ माध्यमातल्या मुलीला तिथे मराठीही शिकवली जाते. मराठीच्या काळजीने व्याकूळ होणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: या शहरात परप्रांतातून आलेल्या गरिबाच्या मुलाला मराठी लिहा-वाचायला शिकवणारी जागा बहुतेक वेळा हीच असते.

मग या शाळांत सारं ठीक आहे का? नाही. मात्र दोष वस्तीच्या सरमिसळीचा नाही. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी वेगवेगळे शिक्षक हवेत, 35 मुलांमागे एक, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने मात्र या वर्गांचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात आणलं. अनेक माध्यमांच्या इमारतीत एकेका माध्यमाचा पट लहान असणारच. शिक्षक काढायचा, मग पट घसरतो, आणि घसरलेला पट दाखवून शाळा दुसरीत विलीन करायची, ही रीत मला अन्यायाची वाटते. त्यात आता पाचवी आणि आठवीला नापास करण्याची तरतूद परत आली आहे. सहावीत उशिरा आलेलं, माध्यम बदललेलं मूल गणिताच्या शिक्षकाविना आठवीच्या परीक्षेला कोणत्या बळावर बसणार?

पालकांनाच या शाळा नकोत, हेही खरं नाही. पालिकेने मुंबई पब्लिक स्कूल या नावाने केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू केल्या तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. अर्ज याच शहरातल्या कष्टकऱ्यांचे होते. फुकट आणि चांगलं मिळतंय म्हटल्यावर त्यांनी पालिकेकडे पाठ फिरवली नाही.

म्हणून मागणी पालकांच्या हाती पैसे देण्याची नको. पाचवी ते आठवीचं एकही माध्यम पटाच्या नावाखाली बंद करू नका, उशिरा आलेल्या मुलांसाठी कायद्यातलं विशेष प्रशिक्षण कागदावरून वर्गात आणा, आणि शाळा आठवीवर तोडू नका. पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने फार थोड्या आहेत. आठवीनंतर शाळा दूर गेली की आधी मुलींचं शिक्षण थांबतं. लहान भावंडं सांभाळायला आणि घरी मण्यांचं, टिकल्यांचं काम करायला त्या बसतात. ज्या इमारतींत खोल्या रिकाम्या आहेत, तिथे नववी-दहावीचे वर्ग पुढच्या जूनपासून भरवता येतील. त्यासाठी शिक्षकांची पदं मंजूर व्हायला हवीत, आणि ती मंजूर करणं पालिकेच्या व राज्य सरकारच्या हातात आहे.