३६५ खाटा आणि एक साधा प्रश्न

जालन्याला ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले तेव्हापासून आमच्या पारावर एक वाक्य वरचेवर ऐकू येते. "बरं झालं सर, आता येड्यांना ठेवायची सोय इथंच झाली!" बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला खरोखरच बरे वाटलेले असते. पण 'ठेवायची सोय' हे शब्द मला टोचतात. धान्य ठेवतात, कडबा ठेवतात. आजारी माणसाला बरे करायचे असते. भाषा शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे शब्द टोचून घ्यायची खोड काही जात नाही!

आधीच सांगतो, माझा रुग्णालयाला विरोध नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही नव्हते. मंठ्याच्या किंवा परतूरच्या खेड्यातला माणूस येरवड्याला दाखल केला, तर त्याला नुसते भेटून यायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि वर एसटीचे भाडे. मग भेटी कमी होतात, पुढे बंदच होतात, आणि माणूस तिथलाच होऊन जातो. तेव्हा रुग्णालय जवळ यायला हवे हे मान्य. माझे भांडण आहे ते 'इमारत झाली की प्रश्न सुटला' या समजुतीशी.

स्किझोफ्रेनियासारखा आजार वर्षानुवर्षे सोबत राहतो. रुग्णालयातला मुक्काम काही आठवड्यांचा. उरलेली सगळी वर्षे तो माणूस गावातच काढणार ना? तिथे त्याला कोण आहे? गोळ्या संपल्या तर आणणार कोण? बरे वाटले म्हणून त्याने गोळ्या सोडल्या तर त्याच्याशी बोलणार कोण? खाटा मोजून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

मित्रहो, या प्रश्नांच्या मागे एक मनोविकारतज्ज्ञ वर्षानुवर्षे लागले. डॉ. सुदीप्तो चॅटर्जी. नाव बंगाली असले तरी त्यांचे काम आपल्या उंबऱ्याशी झाले आहे. आपल्या नंदुरबारला लागून मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा आहे. तिथली आशाग्राम ही मुळात कुष्ठरुग्णांसाठी उभी राहिलेली संस्था. ज्यांना गावाने एकदा बाहेर काढले त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेला मनोरुग्णांचे दुःख कळायला वेळ लागला नसावा. तिथे जुना स्किझोफ्रेनिया असलेल्या २०७ जणांचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना फक्त बाह्यरुग्ण विभागातले उपचार मिळाले. बाकीच्यांना त्या उपचारांच्या जोडीला गावातलेच, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते मिळाले. ते घरी जायचे, कुटुंबाशी बोलायचे, गावाला सोबत घ्यायचे. वर्षभराने पाहिले तर हे दुसरे लोक उपचारांत जास्त टिकून होते आणि त्यांचे रोजचे जगणेही जास्त सुधारले होते.

डॉक्टर एवढ्यावर थांबले नाहीत. गोव्यात १९९६ साली सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था, तिथले डॉ. विक्रम पटेल, चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या डॉ. आर. थारा आणि आपल्या साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर अशा मंडळींबरोबर त्यांनी गोवा, सातारा आणि तामिळनाडू इथे २८२ रुग्णांवर मोठा अभ्यास केला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो २०१४ साली छापून आला. इथेही डॉक्टरांचे उपचार सगळ्यांनाच होते. फरक होता तो घरी येणाऱ्या कार्यकर्त्याचा. निष्कर्ष असा की कार्यकर्ता असेल तर लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही थोडे अधिक कमी होतात. 'थोडे' हा शब्द संशोधकांनी लपवला नाही, मीही लपवत नाही. सगळ्यात जास्त फायदा दिसला तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात, म्हणजे जिथे आधी फारसे काहीच नव्हते तिथे. आता सांगा, आपला जिल्हा कोणासारखा आहे?

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कलंक आणि घरच्यांवरचा भार यांत कार्यकर्त्यांमुळे फारसा फरक पडला नाही. का पडावा? कार्यकर्ता पंधरवड्यातून एकदा येणार आणि शेजारी रोज 'येडा आला' म्हणणार! ते काम कार्यकर्त्याचे नाही, तुमचे-माझे आहे.

याच मंडळींनी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. 'बरे होणे म्हणजे तुमच्या लेखी काय?' उत्तरे वाचून मी थक्क झालो. आजाराची लक्षणे कमी व्हावीत हे तर होतेच. पण त्याबरोबर काम मिळावे, शिकता यावे, चार लोकांत मिसळता यावे, घरातली जबाबदारी पेलता यावी, औषधांचा त्रास कमी व्हावा आणि आपले निर्णय आपल्याला घेता यावेत, हेही होते. म्हणजे तुम्हा-आम्हाला जे हवे असते तेच की!

माझा एक जुना विद्यार्थी आहे (नाव सांगत नाही). अक्षर मोत्यासारखे. विशीत असताना त्याला कानात आवाज ऐकू येऊ लागले. घरच्यांनी आधी 'बाहेरचं' पाहिले, सैलानीच्या वाऱ्या केल्या, मग एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे वर्षभर दर खेपेला डॉक्टर वडिलांना विचारत, 'झोपतो का? जेवतो का? मारतो का?' मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे. औषधांनी गुण आला, ते मान्यच. पण मध्यंतरी तो भेटला तेव्हा मला म्हणाला, "सर, आवाज कमी झालेत. पण मला दुकानाच्या गल्ल्यावर बसू देत नाहीत." त्याचे खरे दुखणे कुठे होते, हे त्याला नीट ठाऊक होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

यावर ठरलेला आक्षेप येतो, 'वेड्याला काय विचारायचे, त्याला काय कळते?' हा आक्षेप २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यालाही मान्य नाही. त्या कायद्यानुसार प्रत्येक प्रौढ माणसाला आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लेखी सूचना देऊन ठेवता येतात, आपला प्रतिनिधी नेमता येतो. मनोरुग्णाला साखळदंडात बांधणे या कायद्याने बंद केले. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले पंचवीसहून जास्त जीव पळताही न येता गेले, हे आपण विसरू नये. मनाला उद्देशून श्लोक लिहिणाऱ्या समर्थांचे जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात! पण मन आजारी पडले की आम्हाला आधी दोरी आठवते.

दुसरा आक्षेप खरा आहे. 'घरचे थकलेत हो, तुम्हाला बोलायला काय जाते?' थकलेत, हे मी पाहतो. म्हातारी आई, कर्ता एक भाऊ, आणि रात्ररात्र जागरण. म्हणून तर म्हणतो, त्यांना महिन्यातून चार घटका टेकू देणारा माणूस गावात हवा. रोगी कायमचा बाहेर ठेवून द्या हे त्यांच्या थकव्यावरचे उत्तर नव्हे.

तेव्हा माझे मागणे सरळ आहे. रुग्णालयासोबत आठही तालुक्यांच्या ठिकाणी मनोविकारांची नियमित ओपीडी असावी आणि गोळ्या तिथेच, खंड न पडता मिळाव्यात. गावात फिरणारा कार्यकर्ता असावा आणि त्याला पगार असावा, आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर नको. आणि कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळात रुग्णांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही जागा ठेवली आहे, ती नुसती कागदावर राहू नये.

हे सरकारचे झाले. हे वाचणाऱ्या भाच्या-पुतण्यांनो, आता तुमचे. आपल्याही गोतावळ्यात असा एखादा आहे, ज्याचे नाव लग्नपत्रिकेत येत नाही आणि पाहुणे आले की ज्याला मागच्या खोलीत बसवतात. पुढच्या कार्याला त्याला बोलवा. 'गोळ्या घेतोस ना?' हे जरूर विचारा, पण त्याच्या आधी 'तुला काय हवंय?' हे विचारा. आणि घरात कोणाला त्रास सुरू झालाच तर देवऋषी गाठण्याआधी १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर फिरवा. तो फुकट आहे, आणि मराठीत बोलता येते.