बटू दीर्घिका म्हणजे केवळ फुगलेले तारकागुच्छ नव्हेत



गेल्या अंकातील पत्रात अतिसघन बटू दीर्घिकांना ‘मोठे तारकागुच्छ, बाकी काही नाही’ असे ठरवून टाकले आहे. हे मला अजिबात पटत नाही.

कन्या दीर्घिकासमूहातली एम६०-यूसीडी१ ही अशीच एक दीर्घिका पाहा. २०१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी तिच्यातील ताऱ्यांच्या वेगांवरून केंद्रात सुमारे २ कोटी १० लाख सूर्यांएवढे कृष्णविवर असल्याचे दाखवले. तिच्या एकूण वस्तुमानाच्या ते जवळजवळ १५ टक्के भरते! आपल्या आकाशगंगेतले कृष्णविवर जेमतेम ४० लाख सूर्यांचे. एवढे विवर तारकागुच्छात कुठून येणार? शेजारच्या एम६० या बलाढ्य दीर्घिकेने ओरबाडल्यावर उरलेले हे एका मोठ्या दीर्घिकेचे केंद्रक आहे, हेच सयुक्तिक स्पष्टीकरण. २०२३ मध्ये याच समूहात अशी अर्धवट सोललेली शंभराहून अधिक उदाहरणे नोंदली गेली. म्हणजे मधल्या अवस्थाही सापडल्या.

पत्रलेखकांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. एनजीसी ७२५२ या दीर्घिकेतला डब्ल्यू३ हा प्रचंड गुच्छ दोन दीर्घिकांच्या मीलनातूनच जन्मला आणि वयाने तो कोवळा आहे. पण एका उदाहरणावरून साऱ्यांची कुळी ठरत नाही. फोर्नॅक्स समूहात विसाव्या शतकाच्या अखेरीस या वस्तू प्रथम लक्षात आल्या, तेव्हापासून त्यांचे उगम एकाहून अधिक असावेत असाच पुरावा साचत आला आहे.

विज्ञानविषयक पत्रे छापताना असा पुरावाही वाचकांपुढे यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा