नवतप्यात ढेकूण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात केनवडहून वहिनींचा फोन आला. आवाज दबका. आधी पाण्याचं, मग बियाण्याचं बोलून झालं आणि मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या घरात ढेकनं निंघाले. कोनाले सांगू नोका." मला वाटलं होतं आईचंच काही बरंवाईट असेल. हायसं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. एवढ्याशा किड्यापायी घरच्या बाईला आवाज चोरून बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वाशीमहून गाडीत बसलो.

घरी गेल्यावर कळलं की हे प्रकरण महिनाभर तरी चाललेलं होतं. आई सकाळी उठायची तेव्हा तिच्या हातावर आणि मानेवर गांधी उठलेल्या असायच्या. कुणी म्हणालं घामोळ्या, कुणी म्हणालं आंबा जास्त झाला. मेडिकलमधून खरजेचं मलम आणून झालं, कडूलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळी झाल्या. भाऊ त्याच खोलीत झोपत होता आणि त्याच्या अंगावर एक ठिपका नव्हता, म्हणून किड्याचा संशयच कुणाला आला नाही. इथेच बहुतेक घरं फसतात. ढेकूण सगळ्यांनाच चावतो, पण प्रत्येकाच्या कातडीवर त्याची खूण उठत नाही. काहींना ती आठ-दहा दिवसांनी उठते. खरूज असेल तर खाज बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला असते आणि घरात एकापासून दुसऱ्याला लागत जाते. पिसवा घोट्यापाशी चावतात. ढेकणाचे चावे उघड्या राहिलेल्या अंगावर असतात, बरेचदा तीन-चार एका ओळीत. पण नुसत्या चाव्यावरून खात्री डॉक्टरलाही देता येत नाही. खात्री करायची तर अंथरूण बघावं लागतं.

ती खात्री शेवटी आईनेच केली. उशी नाकाशी धरून ती म्हणाली, "हा ढेकनाचाच वास हाय. म्या लहानपनापासून ओळखतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'ओळखतो'च म्हणतात. चिरडलेल्या ढेकणाचा तो गोडसर, उग्र वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. आताच्या पोरांनी तो घेतलेलाच नाही. मधल्या काळात ढेकूण आपल्या घरांतून एवढे कमी झाले की एक अख्खी पिढी त्यांना ओळखत नाही.

त्या रात्री तीन वाजता मी आणि भाऊ मोबाईलची टॉर्च घेऊन दिवाणापाशी बसलो. पहाटेच्या आधीचा तो वेळ ढेकणाचा. गादीच्या कडेची दुमडलेली शिवण अंगठ्याने उलटी केली तर आत शाईच्या पेनाचं टोक टेकवावं तसे काळे ठिपके होते. ओल्या फडक्याने पुसले की ते तांबूस पसरत. ही त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्याच्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यासारख्या फिक्या पिवळ्या काती. मग एक जुनं एटीएम कार्ड दिवाणाच्या फळीच्या फटीत घालून सरकवलं, आणि ते बाहेर आले. मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी. त्याच्यामागे तिळाहून लहान, जवळजवळ पारदर्शक पिल्लं. एकाने नुकतंच रक्त प्यायलं होतं, त्याच्या पोटातला लाल थेंब कातडीतून दिसत होता. फटीच्या तळाशी मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी चिकटलेली. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

ढेकणाला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. तो चालतो आणि आपल्या सामानातून फिरतो. मादी रोज दोन-चार अंडी घालते, आयुष्यात दोनशेहून अधिक. आठ-दहा दिवसांत पिल्लू निघतं, पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा रक्त लागतं. खोली बंद ठेवून त्याला उपाशी मारू म्हणाल तर तो काही महिने सहज तग धरतो. वहिनींनी आईचं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं होतं. ढेकूण आठवड्याभरात पुढच्या खोलीत पोचले. चावे सुरू झाले की माणूस जागा बदलतो, आणि एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं.

मला यात सगळ्यात जास्त खटकला तो दिवाण. आमच्या लहानपणी घरात सुतळीच्या बाजा होत्या. ढेकूण तेव्हाही होते, पण बाज एका माणसाला उचलून अंगणात नेता येत असे. ती उन्हात उभी करायची, दगडावर आपटायची, पाय आणि दांडे जिथे एकमेकांत बसतात त्या भोकांत उकळतं पाणी ओतायचं, सुतळी सोडून नव्याने विणायची. आता प्लायवूडचा दिवाण भिंतीला चिकटवलेला असतो. त्याच्या पेटीत वर्षभराच्या गोधड्या, लग्नातल्या साड्या, पोरांची जुनी दप्तरं. तो कुणी हलवत नाही. ढेकणाला अंधार, फट आणि हातभर अंतरावर झोपलेलं माणूस एवढंच हवं असतं. ते सगळं एका जागी मिळेल असं फर्निचर आपण हौसेने करून घेतलं आहे.

आले कुठून, हा प्रश्न घरात फार कडवट झाला. पुतणी पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा तिची बॅग याच दिवाणाच्या पेटीत ठेवली होती. वहिनी तिला बोलल्या, पोरगी रडली. पण त्याच महिन्यात घरच्या लग्नासाठी बिछायतवाल्याकडून भाड्याच्या गाद्या आल्या होत्या, आणि जुन्या बाजारातला एक सोफाही. यातलं नेमकं काय ते आता कळणार नाही. पोरीला गुन्हेगार ठरवणं चूक होतं, हे मी वहिनींना तिथेच सांगितलं. ढेकूण घाणीतून पैदा होत नाही. लख्ख पुसलेल्या फरशीच्या घरातही तो तेवढ्याच सुखाने राहतो. २०२३ मध्ये ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये ढेकणांचा केवढा गवगवा झाला, रेल्वेतल्या सीटपर्यंत चर्चा गेली. त्या शहरात पाणी, साबण, पैसा कशाचीच कमी नव्हती.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ गोठ्यातून फवारणीचा पंप घेऊन आला. गेल्या हंगामातलं उरलेलं सोयाबीनवरचं औषध त्यात ओतायचं, गाद्यांवर, दिवाणावर, भिंतींवर मारायचं आणि एका रात्रीत निकाल लावायचा, असा त्याचा बेत. तो वाईट माणूस नाही, अडाणीही नाही. आईची झोप जात होती ती त्याला बघवत नव्हती. पण मी पंपाची नळी धरून उभा राहिलो. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात काय झालं ते आपण विसरायला नको. मोकळ्या रानात, वाहत्या वाऱ्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तसलंच औषध बंद खोलीत, कापसाच्या गादीत मुरवायचं आणि त्यावर म्हातारं माणूस, लहान लेकरू रात्रभर तोंड टेकवून झोपवायचं? हा विचारच मला सहन होत नाही.

धान्याच्या गोळ्यांची तीच गत, किंबहुना त्याहून वाईट. तुरी-हरभऱ्याच्या साठ्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. माणसं त्या दिवाणात टाकतात, गादीखाली ठेवतात. रॉकेल मारून काडी पडली तर घर जाईल. आणि रीतसर पेस्ट कंट्रोलसुद्धा खेळ नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात पेस्ट कंट्रोल केलेल्या घरात परतलेल्या एका नवरा-बायकोचा जीव गेला. बोलवायचंच असेल तर परवाना दाखवा म्हणा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्यांना तो लागतो. कोणतं औषध, किती तास बाहेर राहायचं, खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे कागदावर लिहून घ्या. लहान मूल, गरोदर बाई, दम्याचा माणूस घरात असेल तर तेही आधी सांगा.

विष मारून ढेकूण संपतो हा भरवसाही जुना झाला. आई सांगते, तिच्या लहानपणी 'हिवतापवाले' यायचे, भिंतींवर डीडीटी मारून जायचे. देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ साली निर्मूलनाचा झाला, त्या काळातली ही गोष्ट. पहिल्या फवाऱ्यात घरातले ढेकूण झाडून मेले. मच्छरांचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण ढेकूण गेले म्हणून बायका खूश. मग तीन-चार वर्षांनी फवारणी झाली की ढेकूण मरण्याऐवजी भिंतीतून बाहेर येऊन चावायला लागले, आणि लोक फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवू लागले. असं पुष्कळ ठिकाणी झालं. हवाई बेटांवर तर १९४७ मध्येच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. आज घरात मारायची जी साधी औषधं दुकानात मिळतात, त्यांतल्या बऱ्याच औषधांना ढेकूण असाच सरावला आहे.

सरावला नाही तो उष्णतेला. पन्नास अंशांच्या पुढे तो टिकत नाही, त्याची अंडीही टिकत नाहीत. आणि आमच्याकडे २५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला.

कपडे, गोधड्या, चादरी, पडदे, सगळं काळ्या पन्नीच्या पिशव्यांत गच्च बांधलं आणि टिनाच्या छतावर ठेवलं. गठ्ठे लहान बांधले, कारण मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात ऊन पोचत नाही. दर दोन तासांनी उलटे केले. दुपारी पन्नीला हात लावता येत नव्हता. जे धुता येईल ते उकळत्या पाण्यात घातलं. गाद्या नुसत्या उन्हात टाकून भागत नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात परततात. म्हणून त्या अंगणात उभ्या करून, शिवणी एकेक उलटून, ब्रशने साबणाच्या पाण्यात झाडल्या. दोन गाद्या इतक्या भरलेल्या होत्या की त्या गावाबाहेर नेऊन जाळल्या; कुणी उचलून नेऊ नये म्हणून आधी फाडल्या. दिवाणाच्या फळ्या सुताराला बोलावून सोडवल्या, सांध्यांत किटलीने उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर फटी लांबीने बुजवल्या. भिंतीच्या भेगा, स्विचबोर्डाची कड, कॅलेंडरामागची जागा, देवघराचा पाट, सगळं पाहिलं. स्विचबोर्डापाशी पाणी नेलं नाही, तिथे नुसतं कार्ड फिरवलं. दिवाण भिंतीपासून हातभर लांब ओढला आणि चादर जमिनीला टेकणार नाही अशी खोचली.

आईला मी बाल्कन देशांतल्या एका उपायाबद्दल सांगितलं. तिकडच्या खेड्यांत रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरत. पानावरच्या आकडेदार लवेत ढेकणाचे पाय अडकत, सकाळी पानं झाडून जाळून टाकत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खरं असल्याचं दाखवलं. आई ऐकून म्हणाली, "मंग त्याइच्या बायाबी आपल्यासारख्याच रातभर जागल्या असतीन." मला त्या वाक्याने फार बरं वाटलं. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या.

पहिल्या फेरीनंतर चार रात्री शांत गेल्या. सगळ्यांना वाटलं संपलं. मी वाशीमला परतण्याआधी कॅलेंडरवर बाराव्या दिवसाला गोल करून ठेवला होता. राहिलेली अंडी तोवर फुटतात आणि पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधी त्यांना गाठायचं असतं. बाराव्या दिवशी दिवाणाच्या एका कोपऱ्यात सात पिल्लं निघाली. पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा पन्नी. त्यानंतर महिनाभर दर रविवारी रात्री टॉर्च घेऊन तपासणी झाली. पुढे एकही दिसला नाही.

या सगळ्यात वहिनींनी एक धाडस केलं. दुसऱ्या फेरीच्या दिवशी त्या शेजारच्या दोन्ही घरी गेल्या आणि आमच्याकडे ढेकूण निघालेत, तुम्हीही बघा, म्हणून सांगून आल्या. एका घरी निघाले. ती बाई दोन महिन्यांपासून लेकराच्या अंगावरच्या गांधींना दृष्ट लागली समजत होती आणि कुणाला बोलली नव्हती. पुतणीनेही पुण्यातल्या खोलीवरच्या मैत्रिणींना फोन केला. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोग लागतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. झोप जाते, खाजवून जखमा चिघळतात, फार झाले तर अशक्त माणसाचं रक्त कमी होतं. पण लपवून ठेवल्याने तो एका घरातून चार घरांत जातो, आणि घाबरून मारलेल्या विषाने माणूस जातो.

म्हणून हात जोडून एवढंच मागतो. पोरं शिकायच्या गावाहून आली की त्यांच्या बॅगा अंगणात उन्हातच उघडा. भाड्याच्या गाद्या घरात घेण्याआधी त्यांच्या शिवणी उलटून बघा. निघालेच तर शेजारी जाऊन सांगा. फवारणीचा पंप गोठ्याच्या बाहेर काढू नका. आणि कुणी आधीच औषध मारलं असेल, घरात कुणाला मळमळ, घेरी, धाप लागत असेल, तर त्याला मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.