सह्याद्रीच्या अभ्यासाचा खर्च कोणी सोसावा?

माळीण 2014 साली, तळिये 2021 साली आणि इर्शाळवाडी 2023 साली दरडीखाली गाडली गेली. असे उतार वर्षानुवर्षे न्याहाळणारे संशोधक विद्यार्थी हवेत. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये आहे खरी; परंतु ती मोजक्यांच्याच वाट्याला येते. इतरांनी पदरमोड करून डोंगर तुडवावेत!

भातसा, तानसा आदी जलाशयांतून मुंबईला दररोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातील काही वाटा आमच्या भिवंडीलाही लाभतो. हजार लिटरमागे एक पैसा अधिभार आकारल्यास वर्षाकाठी सुमारे 1 कोटी 40 लाख रुपये जमतील. तेवढ्यात त्याच दराने तीस संशोधकांचा निर्वाह होईल. जे डोंगराचे पाणी पितात, त्यांनीच डोंगराच्या अभ्यासाचा भार उचलावा, हा साधा हिशेब आहे.